मंडळासमोर घासाघीस

आमचा चंद्रभान दादा इतवारीच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवतो, आणि दुकान बंद झालं तरी त्याचा भाव करणं बंद होत नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवस तेलकट वर्ज्य सांगितलं तर हा आठवर आणतो. गुरुजींनी दोन तासांची पूजा सांगितली तर सव्वा तासात उरकायला लावतो. इतवारीत पहिला भाव कोणीच खरा धरत नाही, म्हणून हाही पहिल्यांदा कधी खरं सांगत नाही. बहीण म्हणून मी आयुष्यभर त्याची टर उडवली. मग त्याच्या पोराला, दुर्गेशला पोलिसांनी पकडलं आणि माझं हसू पळालं.

दुर्गेश सतरा वर्षांचा, बारावीला. रामटेकच्या गडाखाली मोहित नावाच्या मित्रासोबत बसला होता. पोलीस आले, मोहित पळाला, आणि दुर्गेशच्या खिशात गांजाची पुडी सापडली. दुसऱ्या दिवशी जामिनावर तो घरी आला, पण दादाच्या डोळ्यांपुढून बेड्या काही हलेनात.

"पोट्ट्याची जिंदगी बरबाद झाली वं, प्रीती," म्हणत तो दुकानातल्या गंज-पातेल्यांच्या चळतीला टेकून रडला. मला त्याचा राग येत होता आणि कीवही.

मीच त्याला मिनलताई वकिलांकडे नेलं. त्यांनी आधी पाणी दिलं.

"काका, पोरगा अठराच्या आतला आहे. त्याले बेड्या नाही, कोठडी नाही, मोठ्यांचं कोर्टही नाही. बाल न्याय मंडळासमोर जायचं. तिथं दोन रस्ते आहेत. पुडी खरंच त्याची नसेल तर लढायचं. असेल तर खरं सांगून समुपदेशन मागायचं. पुडी लहान आहे, पहिलीच वेळ आहे. समज देतील, फार तर समाजसेवा करायले लावतील."

"अन् पुढं नोकरीले? कॉलेजले?"

"कायद्यानं हे कुठंच आडवं येत नाही. अपिलाची मुदत संपली का रेकॉर्डही नष्ट करतात."

एवढ्या स्वस्तात सुटका म्हणजे माल खोटा, असं दादाला वाटलं असणार. घरी येऊन त्यानं पोराला पढवलं, "पुडी मोहितची होती म्हण."

वहिनीचं बीपी वाढलेलं, म्हणून दादा, दुर्गेश आणि मिनलताईंसोबत मंडळासमोर मी गेले. आत ना पिंजरा, ना काळे कोट. एक टेबल, पलीकडे मॅजिस्ट्रेट मॅडम आणि दोन सदस्य.

"पुडी कोणाची होती, बेटा?" मॅडमनी विचारलं.

दादा मोठ्यानं खोकला. दुर्गेशनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. "माझी होती," तो म्हणाला. दादानं कपाळावर हात मारला.

मॅडमनी बराच वेळ त्याच्याशी गोष्टी केल्या. मग समुपदेशन आणि महिनाभर वृद्धाश्रमात सेवा सांगितली. एवढ्यात दादा उभा राहिला.

"मॅडम, महिना जरा जास्त होऊन राहिला. आठवड्यात जमवून टाका ना. वरचे दोन दिवस मी माझ्याकडून देतो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. एका सदस्यानं तोंडावर रुमाल धरला.

दुर्गेशनं दादाची बाही ओढली. "बाबा, बसा ना. करतो मी महिनाभर."

"समुपदेशनाले तुम्हालेही यायचं आहे," मॅडम दादाला म्हणाल्या, "अन् त्यात एक दिवसही कमी होणार नाही."

बाहेर आल्यावर दादानं मिनलताईंना पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच डाग लागला नाही ना? नाही म्हटल्यावर तो पायरीवर बसून हसत सुटला, डोळे पुसत, वेड्यासारखा. माझाही जीव भांड्यात पडला. आम्ही समोरच्या ठेल्यावर झणझणीत रस्सा ओतलेले तर्री पोहे घेतले.

दोन घास खाऊन दादा थांबला. "काहून घेतली गा तू पुडी?"

दुर्गेशनं प्लेट खाली ठेवली. "इतके दिवस कोणी हे विचारलंच नाही, बाबा."

"मी विचारून राहिलो ना आता."

मग दुर्गेश बोलू लागला. गणित डोक्यात शिरत नाही, रात्री झोप लागत नाही, दुकानात बसायचं म्हटलं की छातीत धडधडतं. पोहे गार झाले, तर्री थिजली, पण दादानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.