पाय उचलू नका

अंबरनाथ पूर्वेला बायकांना मोटार शिकवणारी बाई एकच होती, मालिनी साळवे. चौऱ्याण्णव साली मोरिवलीच्या बाजूचा औषधांच्या गोळ्यांचा एक कारखाना बंद पडला. तिथं पॅकिंगला असलेल्या बाया घरी बसल्या. त्यांच्यातलीच मालिनी मात्र आपल्या वडिलांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला गाडी शिकवा."

तिच्या वडिलांनी, शिवरामांनी, तीस वर्षं ट्रक चालवला होता. ते हसले नाहीत की "बाईमाणसाचं काम आहे का ते" असंही म्हणाले नाहीत. शुक्रवारी कारखाने बंद असतात, इंडस्ट्रियल एरियाचे रस्ते ओस असतात. तिथं नेऊन त्यांनी तिचा चार महिने घाम काढला. त्यांचा सगळ्यात मोठा धडा ब्रेकचा होता. ओल्या रस्त्यावर ब्रेक गच्च दाबला की चाकं जागच्या जागी जाम होतात, गाडी मग गाडी राहत नाही, घसरगुंडीवरचा दगड होते. स्टिअरिंग कितीही फिरवा, ती नाकासमोरच जाणार. म्हणून दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. "दाब-सोड, दाब-सोड. चाक फिरतं राहिलं तरच गाडी तुझं ऐकेल." एकदा माळशेज घाटात भरलेला ट्रक त्यांनी असाच कठड्याच्या हातभर अलीकडे थांबवला होता.

मालिनीनं पुढं स्वतःचा क्लास काढला. साध्या ब्रेकची एक जुनी एटहंड्रेड गाडी घेतली, शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक बसवून घेतले. आणि चौदा वर्षं प्रत्येक बाईकडून तोच धडा घोकून घेतला. शिक्षिका, नर्स, बँकेतल्या क्लार्क, शहाडहून दोन रिक्षा बदलून येणाऱ्या सिंधी बायका, सगळ्या गाडीत बसल्या की आधी पायानं हवेतच दाब-सोड करून दाखवायच्या.

दोन हजार आठच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी तिला सरस्वती जाधवचा फोन आला. सरस्वती बदलापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, मालिनीची अगदी मन लावून शिकलेली विद्यार्थिनी. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी घरी नवी गाडी घेतली होती.

"ताई, परवा मी ठोकली गाडी," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली.

मालिनी संध्याकाळी तिच्या घरी गेली. सरस्वतीला खरचटलंही नव्हतं, पण मागच्या सीटवर बसलेल्या तिच्या सासूचं, कौसाबाईंचं, खांद्याचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून त्या पलंगावर पडल्या होत्या. सरस्वतीचा नवरा, महेंद्र, खिडकीशी उभा होता. तो मालिनीशी नीट बोलला, पण सरस्वतीकडे बघत नव्हता.

"नेमकं काय झालं ते सांग," मालिनी म्हणाली.

"बदलापूर रोडला वळणावर एक टेम्पो बंद पडला होता. रस्ता ओला होता. मी ब्रेक मारला, तर पायाखाली तो थरथरायलाच लागला. घर्रर्र असा आवाज. मला वाटलं, खाली काहीतरी तुटलं. मी घाबरून पाय काढला. मग तुम्ही शिकवलंत तसं केलं ताई. दाब-सोड, दाब-सोड. तरी थांबली नाही."

"डावीकडे जागा नव्हती?"

"होती. पण मी ब्रेककडेच बघत राहिले."

"ब्रेकमध्ये काही दोष नाही," महेंद्र म्हणाला. "वर्कशॉपवाल्यांनी सगळं तपासलं. त्यात ते एबीएस का काय तेसुद्धा आहे. त्यासाठी तर मुद्दाम वरचं मॉडेल घेतलं होतं." गाडीत दोष नाही म्हणजे दोष कुणात, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. गाडीची चावी त्यानं कपाटात ठेवून दिली होती.

घरी परतताना मालिनीला सरस्वतीचं एकच वाक्य बोचत होतं. तुम्ही शिकवलंत तसं केलं. शिकवलेलं विसरून अपघात करणाऱ्या तिनं पाहिल्या होत्या. शिकवलेलं आठवून अपघात झालेली ही पहिलीच.

दुसऱ्या दिवशी ती मोरिवलीत भूपेश भोईरच्या गॅरेजवर गेली. भूपेशनं आठ वर्षं एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काढली होती, आता गावातच स्वतःचं थाटलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग जॅकवर चढवलेल्या एका गाडीचं चाक काढलं आणि तिला वाकून बघायला लावलं.

"ही दात्यांची चकती दिसते? चाकासोबत फिरते. बाजूला हा छोटा सेन्सर. चाक किती जोरात फिरतंय ते हा मोजत राहतो. असे चार, चार चाकांना. तू ब्रेक मारलास आणि तीन चाकं फिरतायत पण एक जाम व्हायला लागलं, तर पुढं बसवलेल्या डब्याला लगेच समजतं. मग तो त्या एका चाकाचं प्रेशर थोडं सोडतो. चाक फिरलं की पुन्हा दाबतो. पुन्हा सोडतो. हेच ते एबीएस."

"म्हणजे दाब-सोड," मालिनी म्हणाली.

"तेच तर! तुझे बाबा सांगतात तेच. पण सेकंदाला दहा-पंधरा वेळा, आणि प्रत्येक चाकाचं वेगळं. आपला पाय किती वेळा करणार? दोन? तीन? पेडल थरथरतं ना, ते काय तुटलेलं नसतं ताई. आतमध्ये तेल मागं-पुढं ढकललं जातं, त्याचे धक्के पायाला लागतात. थरथरलं म्हणजे समजायचं, सिस्टिम काम करते."

"आणि वरून आपणही दाब-सोड केलं तर?"

भूपेशनं हात पुसले. "मग काय, दर टायमाला पाय उचलला की ब्रेक सुटणारच. गाडीला वाटतं, बाईला थांबायचंच नाय."

मालिनी स्टुलावर बसली. भूपेशनं चहा मागवला, तो तिच्यापुढं तसाच निवत राहिला.

तिला नुसतं ऐकून पटवून घ्यायचं नव्हतं. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी पावसानं उघडीप दिली होती. भूपेशच्या मधुकाकांनी, जमीन विकल्यावर, एबीएसवाली नवी गाडी घेतली होती. ती भूपेश मागून घेऊन आला. पाण्याचा एक टँकर बोलावून बंद कारखान्याच्या भिंतीलगतचा रस्ता चांगला भिजवला. पुढं रिकामे पुठ्ठ्याचे खोके मांडले. शिवराम चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, गुडघे धरले होते, तरी ते आले आणि काठी टेकून कठड्यावर बसले.

आधी मालिनीनं आपली एटहंड्रेड पळवली आणि ब्रेक गच्च दाबला. चाकं जाम झाली. तिनं स्टिअरिंग डावीकडे पुरतं फिरवलं, पण गाडी सरळ खोक्यांत घुसली. पुन्हा पळवली, या वेळी दाब-सोड केलं. गाडी वळली, खोक्यांना चाटून गेली आणि थांबली. शिवरामांनी मान डोलावली.

मग ती मधुकाकांच्या गाडीत बसली. पहिल्या फेरीत मुद्दाम दाब-सोड केलं. दोन खोके चाकांखाली चिरडले गेले. दुसऱ्या फेरीत तिनं पाय मुळापर्यंत दाबला आणि तसाच ठेवला. पेडल पायाखाली खडखडलं, तळव्यापासून पोटरीपर्यंत मुंग्या आल्यासारखं झालं. पाय उचलावा असं अंगातला कण न् कण ओरडत होता. तिनं उचलला नाही. स्टिअरिंग वळवलं, आणि गाडी, ब्रेक दाबलेला असतानाच, शहाण्यासारखी वळली, खोक्यांना वळसा घालून उभी राहिली.

शिवराम उठले. "मला बसू दे."

"बाबा, गुडघे?"

"बसू दे म्हणतो ना."

पहिल्या खेपेला त्यांचा पाय आपोआप वर आला. दुसऱ्या खेपेलाही. "पाय ऐकत नाही गं," ते पुटपुटले. तिसऱ्या खेपेला त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं, जबडा घट्ट केला आणि पाय दाबून धरला. गाडी खोक्यांच्या अलीकडे थांबली.

"ट्रकला ते खरं होतं," सीटवरूनच ते म्हणाले.

"खरंच होतं बाबा. आपल्या एटहंड्रेडला आजही खरं आहे. आत्ता बघितलंत ना."

"मग माझं चुकलं नाही. तुझं चुकलं?"

"मी विचारलं नाही. गाड्या बदलल्या, तरी आत काय बदललं ते मी कुणाला विचारलंच नाही."

घरी जाताना शिवराम भूपेशला म्हणाले, "त्या चकतीचं मला पण दाखव एकदा."

त्याच संध्याकाळी मालिनी जाधवांकडे गेली. रस्ताभर तिनं वाक्यं जुळवली होती, पण दारात पाऊल ठेवल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. तिनं सरळ सांगून टाकलं. "महेंद्र, सरस्वतीनं चूक केली नाही. तिनं मी शिकवलं ते केलं. या गाडीसाठी ते चुकीचं होतं, आणि मला ते माहीत नव्हतं. तिनं पाय दाबून धरला असता आणि गाडी डावीकडे घेतली असती तर बहुतेक वाचली असती."

कौसाबाई पलंगावरून बोलल्या, "म्हणजे हा खांदा तुझ्या नावावर लिहायचा का, बाई?"

"लिहा," मालिनी म्हणाली.

कौसाबाई उशीला टेकून म्हणाल्या, "हाड काय, जुळंल. पण आम्ही हिला आठ दिवस बोलतोय. तोंडानं नाही बोललो, तरी बोलतोय." मग त्या सुनेकडे वळल्या. "सरस्वती, चहा टाक. तुझ्या मास्तरणीला बसव."

महेंद्रनं कपाट उघडलं आणि चावी काढून टेबलावर ठेवली. सरस्वतीनं ती लगेच उचलली नाही. पुढं तीन महिने उचलली नाही.

मालिनीनं मग क्लासचं रजिस्टर काढलं. तीनशेच्या वर नावं होती. ती एकेकीला फोन करू लागली, फोन नसेल तिच्या घरी जाऊ लागली. पहिला प्रश्न ठरलेला: गाडी कुठली, एबीएस आहे का? बहुतेकींना ठाऊकच नसायचं. मग ती सांगायची, चावी फिरवली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि चार सेकंदांत विझतो, तो बघा. विझला नाही तर सिस्टिम बंद आहे, गाडी साध्या ब्रेकची समजा. आणि हेही सांगायची, की एबीएस आहे म्हणून उधळू नका. खडी पसरलेल्या रस्त्यावर अशी गाडी उलट थोडी पुढं जाऊनच थांबते. एबीएस गाडी वळती ठेवतं, थांबायला लागणारं अंतर कमी करेलच असं नाही. आणि मागं बसणाऱ्यांनाही पट्टा लावा.

कुणी आभार मानले. कुणी हसली. एकीचा नवरा मात्र फोनवर म्हणाला, "इतकी वर्षं चुकीचं शिकवत होतात, आणि आता सांगताय?" त्यानं आपल्या बहिणीचं नाव क्लासातून काढलं. ही गोष्ट पसरली, आणि त्या दिवाळीत क्लासला निम्म्याच बाया उरल्या. शिवराम चिडून म्हणाले, "गप बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?" मग स्वतःच मान हलवून पेपर वाचायला लागले.

डिसेंबरात सरस्वती आली. पुन्हा शुक्रवार, पुन्हा भिजवलेला रस्ता. पेडल थरथरल्यावर ती किंचाळली, पण पाय तिथंच राहिला. गाडी खोक्यांना वळसा घालून थांबली. सरस्वती खाली उतरली, खोक्यांपासून गाडीपर्यंतचं अंतर स्वतःच्या पावलांनी मोजलं आणि म्हणाली, "अजून एकदा."

रजिस्टरातल्या एक्केचाळीस जणींकडे तसल्या गाड्या निघाल्या. त्यातल्या अडतीस जणी सापडल्या, पुढं आणखी दोघींचा पत्ता लागला. राहिली ती अंजनी, लग्न होऊन नाशिककडे गेलेली. तिच्या जुन्या शेजारणीनं सांगितलं, तिच्याकडे वरच्या मॉडेलची नवी, मरून रंगाची गाडी आहे. फोन नंबर बदललेला. मालिनीनं माहेरच्या पत्त्यावर पत्र टाकलं, त्याला उत्तर आलं नाही. अजूनही कल्याण नाक्यावर मरून रंगाची गाडी शेजारी येऊन थांबली की शिकवता शिकवता मालिनीचं बोलणं तुटतं, आणि ती वाकून बघते, स्टिअरिंगवर कोण आहे ते.