गल्लीगणिक वेगळी कॅसेट

आकाराम वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोल्हापुरात घरोघर केबल पोचत होती त्या दिवसांत त्यानं आपली केबल चालवायला जिन्याखालच्या खोलीत दोन व्हीसीआर मांडले होते, एक वरच्या गल्लीसाठी, एक खालच्या. गल्लीतून ज्या कॅसेटसाठी फोन जास्त ती पुन्हा लागायची, जिला फोन नाही ती खोक्याच्या तळाशी जायची. कुणी नावं ठेवली तर त्याचं उत्तर तयार असे, "मी कुठं लावतोय? लोक सांगत्यात ते लागतंय की."

दोन्ही गल्ल्यांच्या तालमींचे, म्हणजे तिथल्या तरुण मंडळांचे, फुटबॉल संघ, आणि फुटबॉल म्हटलं की दोन्हीकडं डोकी फिरलेली. त्या वर्षी दोघांत अंतिम सामना झाला. आकारामानं तो स्वतः कॅमेऱ्यात टिपला. शेवटी शेवटी वरच्या गुंडूनं खालच्या संग्रामला मागून ढकललं. संग्रामनं वळून लाथ घातली, गुंडू पडला. मग संग्रामनंच हात देऊन त्याला उठवलं आणि दोघं खांद्यावर हात टाकून बाहेर गेले. संग्राम म्हणजे आकारामच्या बहिणीचा, अंबूबाईचा मुलगा.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. वरच्यांना लाथ बघायची होती, खालच्यांना धक्का. आकारामानं दोन कॅसेट केल्या आणि ज्याला जे हवं ते त्याच्या वायरीत सोडलं. हात दिलेला भाग कुणीच मागितला नाही, म्हणून तो कुठंच लागला नाही. वरच्या गल्लीत जेवताना लाथ, खालच्या गल्लीत चहाला धक्का. नवे ग्राहक येत होते, आकाराम खुशीत होता. आपल्याच भाच्याची लाथ आपण दाखवतोय हे त्याच्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं होतं, त्यानं ते बाजूला सारलं.

संग्राम रोज संध्याकाळी वरच्या गल्लीच्या तोंडाशी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकायचा. आधी गिऱ्हाइकं तुटली. मग एके दिवशी तिथल्या पोरांनी त्याला म्हशींसमोरच धरून मारलं आणि त्याचा उजवा हात मोडला. मारणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तो सामना मैदानावर बघितलाही नव्हता.

अंबूबाई भावाच्या दारात आली ती रडली नाही, घरातही आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "दादा, सगळी टेप तुज्याजवळ हाय. माज्या पोरानं त्येला हात दिलेला तेवढा का दावत न्हाईस?"

आकारामला तोंड वर करवेना. तिच्यासमोरच त्यानं अख्खी टेप शोधली आणि दोन्ही गल्ल्यांना एकच लावली, धक्का, लाथ आणि दिलेला हात, सगळं. आता तरी डोळे उघडतील, असं त्याला मनापासून वाटलं. अंबूबाई परत गेली.

फोन वाजायला लागला. वरचे म्हणाले, बहिणीच्या पोरासाठी टेपमध्ये भानगड केलीस. खालचे म्हणाले, वरच्यांना विकला गेलास. दोन्हीकडच्यांनी केबल तोडायची धमकी दिली आणि दोन्हीकडच्यांनी आपली आपली कॅसेट परत लावायला सांगितलं. प्रत्येकाला तो एकच सांगत राहिला, की हेच खरं आहे. ऐकलं कुणीच नाही.

दुपारी संग्रामचा फोन आला.

"मामा, ते हात दिल्यालं काढ. पोरं म्हणत्यात, मी भ्यालो म्हणून दिला. आमचं धक्क्याचं लाव."

"आरं, पर तू दिला हुतास की हात. मी बघितलंय."

पलीकडं संग्रामच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"दिला आसंल," तो म्हणाला. "रोज धक्काच बघतोय, मामा. मला आता तेवढाच आठवतोय."

आकारामानं फोन खाली ठेवला. टेप काढायला त्याचा हात सवयीनं पुढं गेला आणि बटणाशी थांबला. इतकी वर्षं लोक सांगतील ते लावणाऱ्या त्या माणसाला, आता काय लावायचं ते स्वतःच ठरवायचं होतं. समोर पडद्यावर संग्राम वाकून गुंडूला उठवत होता. फोन पुन्हा वाजायला लागला.