करंगळीच्या पेराएवढी कुपी

दिनानाथ चौलचा. मुंबईत डॉक्टरी शिकला, बरोबरचे सगळे तिथेच राहिले, पण हा अलिबागला परतला. चौतीस साली त्यानं दवाखान्याच्या मागच्या खोलीत गाठींवर उपचार करायला क्ष-किरणांचं यंत्र बसवलं. त्याला वीज पुरवणारं तेलाचं इंजिन वली चालवी. वलीची निम्मी हयात बोटींवर गेलेली.

किरण किती पडतात हे सांगणारं साधन एकच होतं, करंगळीच्या पेराएवढी पोकळ कुपी. तिच्यात विजेचा भार भरायचा, तिला किरणांत धरायचं आणि भार किती उतरला ते काट्यावर वाचायचं. जितका भार उतरला, तितके किरण.

थळची वेणूबाई गालावरची गाठ घेऊन आली, तेव्हा दिनानाथनं असंच मोजलं. काटा नेहमीपेक्षा कमी हलला. यंत्र मंदावलं असणार, असं समजून त्यानं तिला जास्त वेळ किरणांखाली ठेवलं.

पुढच्या खेपेला काटा आणखी कमी हलला.

"वली, इंजिन ओढत नाही का रे?"

"डाक्टरसाहेब, इंजिनाला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे."

दिनानाथनं कुपी भरून किरणांपासून दूर ठेवली. भार तसाच टिकला. म्हणजे ती गळत नव्हती. मग यंत्रच मंद. आज वेळ दुप्पट करायला हवा.

तो वेणूबाईजवळ गेला. तिनं पदर बाजूला केला. गाल लालभडक झाला होता, टेकवलेलं बोटही तिला सोसेना. यंत्र मंद असतं तर कातडी अशी पेटली असती?

"आज उपचार करणार नाही," तो म्हणाला.

वेणूबाईचा नवरा सदा उसळला. "डागदर, गाठ वाढतेय नि तुमी थांबा म्हनता?"

"सदा, हिला किती किरण दिले तेच मला आज ठाऊक नाही. कदाचित जास्त दिले असतील. चूक असली तर ती माझी."

वेणूबाईनं विचारलं, "मी मरन का?"

"नाही. पण ही कुपी खरं सांगते का ते पाहिल्याशिवाय हात लावणार नाही."

कापसात गुंडाळलेली कुपी खिशात घालून तो रेवसला गेला. मुंबईची लाँच लाटांवर आपटत होती. सारी वाट त्यानं खिशावरचा हात काढला नाही. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात ओळखीच्या डॉक्टरानं ती तिथल्या मोठ्या मापयंत्राशेजारी ठेवली. मोठ्या यंत्रानं जेवढं दाखवलं, त्याच्या जेमतेम निम्मं कुपीनं दाखवलं. उघडून पाहिलं, तर आतला वीज वाहून नेणारा काळा लेप पापुद्र्यांनी सुटलेला. भार टिकत होता, पण किरणांत तो पुरता उतरत नव्हता. अलिबागच्या यंत्रात काही बिघाड नव्हताच.

दिनानाथनं मनाशी हिशेब केला. त्या दिवशी वेळ दुप्पट केला असता, तर गाल हाडापर्यंत जळला असता.

नवा लेप देऊन, पुन्हा ताडून घेऊन तो परतला. वेणूबाईचा गाल फोडांनी भरला होता. तो रोज थळला जाऊन स्वतः मलमपट्टी करी. सदा फक्त दार उघडी. फोड सुकल्यावर उरलेले उपचार झाले, दर वेळी आधी मोजून. गाठ हळूहळू विरली. गालावर पांढुरका चट्टा राहिला, आणि त्या बाजूनं तिला चावता येईना.

वेणूबाई मासळी विकायला बाजारात पुन्हा बसू लागली, तेव्हा चट्ट्याबद्दल कुणी विचारलं की ती म्हणे, "डागदरानं भाजला, नि डागदरानंच वाचवला."