उदमांजराच्या पिल्लाचं दूध

गेल्या मोसमात आंबा भरायच्या शेडच्या माळ्यावर, पेंढ्यात, उदमांजराचं पिल्लू सापडलं. मुठीएवढं, डोळे नुकते उघडलेले. त्याची आई आदल्याच दिवशी रस्त्यावर गाडीखाली गेली होती. तिला मीच काठीने कडेला सारलं होतं. आचळं भरलेली दिसली होती, पण मला पुढचं काही सुचलं नाही.

वनरक्षक आला, कागद करून म्हणाला, "काकी, पुण्याच्या प्राणी केंद्रात न्यायची सोय होईपर्यंत आठ दिवस सांभाळाल ना? दूध तेवढं डॉक्टरांना विचारूनच द्या हां."

घरात नवरा म्हणाला गाईचं द्या. शेजारीण तर शेळीच्या दुधाची वाटीच घेऊन आली. गुरांच्या डॉक्टरांनी फोनवर दोन्ही मोडीत काढली. ह्यांच्या आईचं दूध दाट असतं, म्हणाले, आणि मांजराच्या पिल्लांची पावडर आणायला लावली. एक चमचा पावडर, दोन चमचे पाणी. "बाकी तुम्हाला काय सांगायचं? अंगणवाडीत तीस वर्षं काढलीत तुम्ही."

त्या एका वाक्याने मी फुगले. पहिल्याच दिवशी पिल्लाला जुलाब झाले, तेव्हा डॉक्टरांना पुन्हा विचारायचा मला कमीपणा वाटला. माझी मीच पाणी दुप्पट केलं. जुलाब थांबले. उद्यापासून पुन्हा दाट करू, असं रोज ठरवत होते. पण ते ड्रॉपरला असं झोंबायचं, पिऊन पोट असं टम्म व्हायचं, की वाटायचं, चाललंय ते बरंच आहे. दिवसभर ओरडायचं. मी म्हणायचे, काय खादाड आहे मेलं! आणि आणखी तेच पाणी पाजायचे. आल्यागेल्याला पोट दाखवायचे.

सहाव्या दिवशी सकाळी त्याने तोंडच उघडलं नाही. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत संपलं होतं. त्यांनी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. मणके मलाही दिसले. पाण्याचं विचारलं, मी खरं ते सांगितलं.

"उपाशी गेलं," ते म्हणाले.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! बाळाच्या दुधात पाणी घालणाऱ्या किती आयांना मी झापलं होतं. एकीने रडत म्हटलं होतं, "बाई, पोट भरतंय ओ त्याचं." तिला मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, पोटाकडे काय बघतेस, वजनकाट्याकडे बघ. त्या बाईला आता कुठल्या तोंडाने भेटू, कळत नाही. स्वतःची इतकी चीड मला आजवर कधी आली नव्हती, आणि ती जातही नाही.

डॉक्टरांनी पिल्लू कागदात गुंडाळलं. मग वही पुढे ओढून अगदी सहज विचारलं, "रोजची वजनं सांगा, लिहून घेतो."

मी एकदाही वजन केलं नव्हतं.