कुलूपवाल्याच्या घराचं कुलूप

कुलूपवाल्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधे उरलेली फट. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. पण त्या फटीच्या मागच्या भिंतीवर एक लाकडी फळी होती आणि फळीवरच्या खिळ्यांना साऱ्या गल्लीची घरं टांगलेली होती. लोक आपली जास्तीची किल्ली त्यांच्याकडे ठेवून जात. कोणी विसरभोळं म्हणून, कोणी परगावी निघालं म्हणून. किल्लीवर नाव नसायचं, फक्त नंबर. कुठला नंबर कोणाचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते कुलूपवाल्यांच्या डोक्यात होतं आणि त्यांच्या खालोखाल त्यांच्या मुलाच्या. तो बारा वर्षांचा झाला तेव्हा त्यांनी एकेक नंबर त्याच्याकडून घोकून घेतला होता. "ही लोकांची अब्रू आहे, नीट लक्षात ठेव," असं बजावलंही होतं.

मुलाला घरात कानशा म्हणत. रांगायच्या वयात लोखंड घासायची कानस हाती लागली तेव्हा साहेबांनी टेबलाचा पाय घासून काढला होता, तेव्हापासूनचं नाव. आता तो पंधरा वर्षांचा. त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी ताई. आई परगावच्या कारखान्यात कामाला, शनिवारी यायची आणि सोमवारी जायची. म्हणजे पोरांचं सगळं बापाच्याच गळ्यात. त्याबद्दल कुलूपवाल्यांनी कधी कुरकुर केली नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांना बोल लावायचाच आहे.

मागच्या वर्षी ताईला डिप्रेशन आलं. आधी ती सारखी रडायची, मग रडणंही आटलं. ताटातलं अन्न तसंच राहायचं, केसांना आठवडा आठवडा कंगवा लागायचा नाही, आणि तोंडी एकच वाक्य, "माझ्यामुळेच सगळ्यांना त्रास." कुलूपवाल्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी तिच्या खोलीची कडी स्वतःच्या हाताने काढून टाकली, म्हणजे आत कोंडून घ्यायला नको. दर आठवड्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दुकान अर्धा अर्धा दिवस बंद ठेवून तिच्या उशाशी बसून राहिले. पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि पोरगी सावरली.

त्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या होत्या, "घरात धाकटा मुलगा आहे ना? त्याच्याकडेही बघत राहा. मुली पुष्कळदा रडतात, स्वतःला दोष देतात, ते आपल्याला दिसतं. मुलगे बरेचदा चिडतात, भांडतात, फोडाफोड करतात, आणि आपण म्हणतो माजलेत. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. पण लक्ष असू द्या." कुलूपवाल्यांनी मान डोलावली. त्या वेळी ते मनातल्या मनात पांढरी गोळी सकाळी की दुपारी हे घोकत होते. बाकीचं या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

ताई कॉलेजला जाऊ लागली आणि कानशाने ताळतंत्र सोडलं. शाळेत दोनदा मारामारी केली. मोरीतला आरसा मुठीने फोडला. सायकल उतारावरून ब्रेकला हात न लावता सोडायची, हा नवा खेळ. "जेवलास का रे?" म्हटलं तरी अंगावर धावून यायचा. "माजलाय, दुसरं काही नाही," कुलूपवाले गिऱ्हाइकांना सांगायचे. गिऱ्हाइकंही "आजकालची पोरं" म्हणून दुजोरा द्यायची. दुसऱ्याच्या पोराबद्दल दुजोरा द्यायला कोणाच्या बापाचं काय जातं?

मग एका सकाळी गणिताच्या निवृत्त बाई दुकानापुढे येऊन उभ्या राहिल्या. सहा महिने लेकीकडे राहून त्या आदल्याच दिवशी परतल्या होत्या. त्यांच्या हातात शाळेची एक वही होती, वहीवर कानशाचं नाव.

"ही माझ्या बैठकीच्या खोलीत सापडली," बाई म्हणाल्या. "पडदे ओढलेले, जमिनीवर सतरंजी अंथरलेली. माझी किल्ली तुमच्याकडेच होती ना?"

"काय काय गेलंय, बाई?" कुलूपवाल्यांनी घाबरून विचारलं.

"काही नाही गेलं. चमचासुद्धा हललेला नाही. पाणी प्यायलेला ग्लास धुऊन पालथा घातलाय. पण मी किल्ली तुमच्या भरवशावर ठेवली होती हो."

बाईंनी स्वतःच आत वाकून सतरा नंबरची किल्ली खिळ्यावरून काढून घेतली. गल्लीत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत आणखी अकरा जण आले. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. "जरा लागतेय" म्हणाले आणि आपापली किल्ली घेऊन गेले. उघडे पडलेले खिळे बघून कुलूपवाल्यांना वाटलं, शत्रूने केलं असतं तर समजलं असतं. पोटच्या पोराने केसाने गळा कापला. कुंपणानेच शेत खाल्लं.

तीनच्या सुमाराला दप्तर पाठीला लावून कानशा आला, जणू शाळेतूनच आला.

"बाईंच्या घरात काय करत होतास?"

तो म्हणाला, "झोपत होतो."

"झोपायला तुला स्वतःचं घर नाही?"

यावर कानशा हसला. त्या हसण्याने बापाचं डोकंच फिरलं. भर रस्त्यात त्यांनी त्याच्या थोबाडीत दिली. "चोर तो चोर वर शिरजोर! लोकांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, माझ्यावर!" कानशाने गालाला हातही लावला नाही. सायकल काढली आणि गेला.

आता दुसरा कोणी बाप असता तर पोराच्या मागे गेला असता किंवा घरी जाऊन डोकं धरून बसला असता. कुलूपवाल्यांनी त्यांना जे येत होतं ते केलं. घरी गेले आणि दहा मिनिटांत दाराचं कुलूप बदललं. ताई आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती, तिला काही न सांगता तिची नवी किल्ली खुंटीवर अडकवली. किल्लीची किंमत कळू दे लेकाला, असा विचार. तो येईल, किल्ली लागणार नाही, दार वाजवेल, मग चार शब्द सुनावून नवी किल्ली हातात देऊ. एवढा हिशोब करून ते दुकानात परत येऊन बसले.

पाचच्या पुढे ताई धावत आली. ती घरातच होती. दारात किल्ली दोनदा, तीनदा खरखरल्याचं तिने ऐकलं होतं. ती कणकेचे हात धुऊन दारापर्यंत जाईतो पावलं जिना उतरून गेली होती.

"कुलूप तुम्ही बदललंत?" तिने विचारलं.

"मग काय आरती ओवाळू त्याची?"

"बाबा, तो तिथे झोपायला जात होता. मीही झोपतच होते ना दिवसदिवस? मी रडले तर तुम्ही माझ्या दाराची कडी काढलीत. तो आरसे फोडत होता तर त्यालाच बाहेर काढलंत. मला दिसत होतं. मीही बोलले नाही. वाटलं, आता कुठे घर शांत झालंय."

कुलूपवाल्यांना डॉक्टरीणबाईंचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. नको त्या वेळी माणसाची स्मरणशक्ती कशी लख्ख होते बघा. दुकान तसंच उघडं टाकून दोघं निघाली.

कानशा लांब गेला नव्हता. इमारतीच्या मागे, सायकली लावतात तिथल्या पायरीवर बसला होता. ताई दूरच थांबली. कुलूपवाले त्याच्या शेजारी बसले.

"बरं वाटत नव्हतं तर मला सांगायचंस, बाळा."

"सांगितलं होतं," कानशा म्हणाला. "ताई आजारी होती तेव्हा. तुम्ही म्हणालात, एका घरात एक आजारी पुरे. तू तरी धड राहा."

"मी? असं म्हणालो?"

"हो. मी राहिलो तसा. जितके दिवस जमलं तितके दिवस. मग जमेना. बाईंच्या घरात कोणी नव्हतं, तिथे धड राहावं लागायचं नाही."

कुलूपवाल्यांना काही केल्या ते वाक्य आठवेना. गळा कापला म्हणून ते सकाळपासून मनात ओरडत होते, आणि सुरी त्यांच्याच हातात निघाली. लाज वाटली, इतकी की पोराकडे बघवेना.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "उद्याच डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. दोघंच. येशील?"

"येईन."

त्यांनी खिशातून नवी किल्ली काढून पुढे केली. "ही घे. तुझी."

कानशाने किल्लीकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. राग असता तर बापाला बरं वाटलं असतं.

"परत बदलणार नाही कशावरून?" त्याने विचारलं.

जन्मभर गल्लीला कुलपांची खात्री देणाऱ्या माणसाकडे पोटच्या पोराने खात्री मागितली होती. किल्ली तळहातावर तशीच राहिली. कानशा उठला आणि ताईच्या मागोमाग जिना चढून गेला. कुलूपवाले वर पोहोचले तेव्हा ताईने आपल्या नव्या किल्लीने दार उघडलं होतं, सताड. कानशा मात्र उंबरठ्याबाहेर, पाहुण्यासारखा बाजूला उभा होता, कोणी आत ये म्हणेल याची वाट बघत.