कार्डावरचा तिसरा हिरवा

माधवनगरच्या कीर्तीच्या दुकानात कुणीही पत्रिका छापायला आलं, की ती आधी बजावायची, "स्क्रीनच्या काचेवर दिसतंय तसं कागदावर येणार नाही. पहिला प्रिंट बघा, मग बोला." प्रिंट घेऊन गिऱ्हाइकाला दारात, उजेडात उभं करायची. सासूबाई गुणमाला हसायच्या, "धंदा करतेस का शाळा घेतेस गं?"

आणि तिनंच एका कामात पहिला प्रिंट बघितला नाही.

काम शिराळ्याकडच्या भात पिकवणाऱ्या गटाचं. त्यांच्याकडे प्लॅस्टिकची एकच पट्टी होती. तिच्यावर चार हिरवे, पोपटीपासून काळपटापर्यंत. भाताचं पान त्यावर धरायचं. तिसऱ्या हिरव्यापेक्षा फिकं दिसलं तर युरिया द्यायचा, नाहीतर हात आवरायचा. अशी पट्टी घरोघरी हवी होती. कीर्तीनं छोटा प्रोग्रॅम लिहिला. शेतकऱ्याचं नाव घातलं की त्याचं कार्ड तयार, बाजूला चार हिरवे चौकोन. रंग तिनं मूळ पट्टी स्क्रीनला टेकवून जुळवले. लावणीची घाई, म्हणून फाइल परस्पर छापखान्यात गेली आणि कार्डं लॅमिनेशन होऊन थेट गावात.

मग गटाचे अध्यक्ष नानासो यांचा फोन आला.

"म्याडम, कमाल केली तुमच्या कार्डानं! आख्ख्या गावाचं भात उपाशी हाय म्हणतंय."

"आख्ख्या?"

"एकाचंबी पान तिसऱ्या हिरव्याला पोचंना. युरियाचा टेम्पो आलाय. दुपारनं सगळीच टाकणार."

"एकाचंही पोचत नाही?"

"न्हाई म्हंतो की!"

गावातलं झाडून सगळं शेत एकदम उपाशी कसं? कीर्तीनं फोन कानाशीच ठेवला. उरलेलं एक कार्ड आणि मूळ पट्टी घेऊन ती दारात आली. कार्डावरचा तिसरा हिरवा पट्टीवरच्या चौथ्याएवढा गडद होता. स्क्रीन रंग उजेडातून करते, छापखाना चार शायांतून. तिनं निवडलेला हिरवा त्या शायांत बसत नव्हता, म्हणून यंत्रानं जवळचा घेतला. जवळचा म्हणजे गडद. वरच्या चकचकीत लॅमिनेशननं तो आणखी गडद केला.

"नानासो, कुणाला पोत्याला हात लावू देऊ नका. मी निघाले."

"आवं, पावसानं आता कुठं उघडीप दिलीया!"

"मी येईपर्यंत थांबा. हात जोडते."

गुणमालाबाई डबा घेऊन मागोमाग आल्या. "दिवस मावळायच्या आत काही तू परतत नाहीस. हा ने, वाटेत उजेड असतानाच खा, अंधारल्यावर आपल्यात चालत नाही. आणि गाडी हळू चालव."

पेठ गाव ओलांडल्यावर प्रत्येक शेताशी तिची मान वळत होती. हे फिकं आहे का? का बरं आहे? स्वतःच्या डोळ्यांवर तिचा भरवसा उरला नव्हता.

बांधावर माणसं जमलेली. कीर्तीनं सूर्याकडे पाठ केली, स्वतःच्या सावलीत मूळ पट्टी धरली, वर एक पान ठेवलं. मग दुसऱ्या शेतातलं, तिसऱ्या शेतातलं. सगळी तिसऱ्या हिरव्यावर नीट बसली.

"मंग आमची कार्डं?" नानासोंनी विचारलं.

"चुकलीत."

"कुणाकडनं?"

"माझ्याकडून."

"कार्डाच्या खाली नाव बी तुमचंच हाय म्हना," नानासो म्हणाले. मागून कुणीतरी बोललं, "म्हंजी भात जेवून बसलंय आन् आमी पुन्यांदा ताट वाढाय निघालूया!"

सगळे हसले. कीर्ती कार्डं गोळा करत होती. यादीतलं एक कमी होतं.

"रंगुबाईंचं कुठाय?"

नानासो पुढं झाले. "म्हातारीनं सकाळीच टाकला युरिया. घरातलंच पोतं हुतं. लय इस्वास तिचा तुमच्या कार्डावर."

कीर्ती तिच्या शेतावर गेली तेव्हा रंगुबाई पाटात हात धूत होती. "आलीस व्हय पोरी? बघ, तू सांगितलंस तसंच केलं."

कीर्तीनं सगळं सांगितलं. म्हातारीनं चिखलात बोटं घातली.

"आता येचून काढायचा व्हय?"

"नाही येत काढता."

"मग काय हुईल?"

"फार माजेल. करपा रोग पडेल, नाहीतर वाऱ्यात लोळेल."

"आन् तुझ्या यंत्राला दिसलं न्हाई हे?"

"यंत्र बघत नाही, आजी. मीच बघायला पाहिजे होतं."

नवी कार्डं करताना तिनं प्रोग्रॅममध्ये छापखान्याच्या शायांचेच आकडे घातले. फिक्यापासून गडदापर्यंत हिरव्यांची शिडीच छापून घेतली, लॅमिनेट केली आणि एकेक पायरी दारात मूळ पट्टीशी लावून पाहिली. न जुळलेल्या पायऱ्या बाद केल्या. शेवटचं कार्ड निघेपर्यंत ती छापखान्यातून हलली नाही. पंधरा दिवसांनी गावात नानासोंनी त्यावर पान धरलं. "बसतंय," एवढंच म्हणाले.

तिथून ती रंगुबाईच्या शेतावर गेली. शेत काळंभोर हिरवं झालेलं, गावात सगळ्यात देखणं. रस्त्यानं जाणारी बाई ओरडली, "रंगुबाई, झ्याक आलंय गं तुझं!"

"सगळी असंच म्हंत्यात," रंगुबाई हळूच म्हणाली. "शेतातलं पानी काढून टाकलंय. झोप न्हाई मला."

कीर्तीनं नवं कार्ड धरलं. पान चौथ्या हिरव्याच्याही पलीकडे होतं. चांदोलीच्या अंगाला आभाळ भरून आलं होतं. पहिली झुळूक आली आणि सबंध शेत एका अंगाला वाकलं. भात सावकाश उठलं, पण बांधाकडची एक पट्टी आडवीच राहिली.

"चल," रंगुबाईनं पदर खोचला. "तीन-चार बुंधे धरायचे आन् एकात एक बांधायचे. येतंय न्हवं?"

"दाखवा," कीर्ती म्हणाली, आणि चपला बांधावर काढून चिखलात उतरली. वाऱ्याची दुसरी झुळूक तोवर ओढ्यापर्यंत आली होती.