भिकाजीचे एकोणीस चिनी शब्द

भिकाजी बारा वर्षं मालवाहू बोटीच्या भटारखान्यात होता. त्याचा वरचा आचारी चिनी. आत पाऊल टाकण्याआधी आचाऱ्याचं मन आज कसं आहे ते ओळखावं लागे, नाहीतर झारा अंगावर यायचा. त्यामुळे भिकाजीला चिनीत पाणी मागता येत नसे, पण मनाच्या अवस्थांचे एकोणीस शब्द पाठ होते. १९५८ साली तो बोट सोडून मालवणला परतला आणि आमच्या पडवीवर येऊन बसू लागला.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. शब्द असे मोकळे फिरलेले मला बघवेनात. वही आखली: अनुक्रमांक, उच्चार, अर्थ, उदाहरण. 'शिन-थंग' म्हणजे आपल्या माणसाचे हाल बघून आपलं काळीज दुखणं. सोळा शब्द असे सुरळीत उतरले. सतराव्यावर, 'वेइ-छ्यू'वर, गाडी अडली. मी लिहिलं, 'राग'.

"राग न्हय, अण्णानू."

"दुःख?"

"तांय न्हय. आपलो काय गुन्हो नसता, बोलणी मात्र आपणच खायची. सांगूक जीभ उचलत नाय. आनी कोणी 'काय झाला' म्हणान विचारल्यान की रडू येता."

"एका शब्दात सांग."

"एका शब्दातच सांगलंय! वेइ-छ्यू."

घरात नर्मदा, माझी बायको, चार दिवस माझ्याशी बोलत नव्हती. डॉक्टरांनी माझं मीठ कमी केलेलं. ते विसरून मी पाहुण्यांदेखत म्हणालो, "आज आमटीत मीठ घालायचंच राहिलं वाटतं!" पाहुणे पोटभर हसले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने ती महिनाभरासाठी भावाकडे आंबोलीला निघणार होती. आणि मी वहीला समास आखत होतो.

भिकाजीने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "अण्णानू, सतरा नंबर आत आसा. विचारून येवा."

गेलो. तिची पिशवी भरलेली होती.

"नर्मदा, काय झाला गो?"

तिने डोळ्यांना पदर लावला तो बराच वेळ काढला नाही. "चूक माझी," मी म्हणालो आणि समजूतदार चेहरा करून उभा राहिलो.

"आधी ती वही खाली ठेवा," ती म्हणाली.

वही खरंच हातात होती. पेन्सिल कानावर.

आंबोलीला ती गेलीच, पण आठ दिवसांत परत येईन म्हणाली. तोवर माझं जेवण भिकाजीने रांधायचं ठरलं, आणि निघताना तिने त्याला दोनदा काहीतरी बजावलं. आठही दिवस आमटी ठार अळणी होती. मी एक अक्षर बोललो नाही.